फ्रोनिकाची ओळ

पद्मिनीबाई चित्रे यांनी पुण्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं जर्मन शिकवलं. नवरा गेल्यानंतर दोन वर्षांनी, २००४ च्या मे महिन्यात, लेकीनं त्यांना ग्रीन कार्डावर पेनसिल्व्हेनियात नेलं. लेक शिवांगी आणि जावई अमेय दोघंही एका औषध कंपनीच्या आयटीत होते. फिलाडेल्फियापासून तासाभरावर, जिथं दहा वर्षांपूर्वी मक्याची शेतं होती तिथं त्यांनी घर घेतलं होतं. पद्मिनीबाई सकाळी भाजी चिरून ठेवत, दुपारी ड्रायरमधल्या कपड्यांच्या घड्या घालत आणि सहा वाजेपर्यंत गॅरेजच्या दाराचा आवाज कधी येतो याची वाट बघत. चालत जाता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे गावची लायब्ररी.

तिथल्या फळ्यावर त्यांनी ती चिठ्ठी पाहिली. ठसठशीत, शाळामास्तरणीच्या अक्षरात लिहिलं होतं : जुन्या हस्ताक्षरातलं जर्मन वाचू शकणारी व्यक्ती हवी. नातेवाईक नकोत.

शेवटचं वाक्य वाचून पद्मिनीबाईंना चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईला भेटावंसं वाटलं.

तिचं नाव एर्मा क्लेमर. वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. मेनोनाइट पंथातली होती आणि पांढऱ्या केसांवर जाळीची छोटी पांढरी टोपी घालायची. आजोबांच्या माळ्यावरून खाली आलेली कागदांची पेटी ती आपल्या जुन्या ब्यूइक गाडीतून मेनोनाइटांच्या छोट्या संग्रहालयात घेऊन आली होती. तिचा मूळ पुरुष ख्रिस्तियान क्लेमर १७३१ साली जहाजातून फिलाडेल्फियाला उतरला. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, या दोन गोष्टींपायी त्याच्या लोकांना युरोपात एका जागी राहू दिलं नव्हतं. इथं त्याला जमीन मिळाली, घर झालं, नातवंडं झाली. तेव्हापासूनचे कागद पेटीत होते, आणि घरातल्या एकाही माणसाला ते वाचता येत नव्हते. एर्माला बोलीतलं जर्मन थोडं समजायचं. जुनं टोकदार अक्षर म्हणजे तिला कुंपणाची तार वाटायची.

पद्मिनीबाईंना ते अक्षर पुण्यातल्या एका वृद्ध जर्मन फादरांनी शिकवलं होतं. फादर आपली डायरी त्याच अक्षरात लिहीत. इथं कुणाला वाचता येत नाही म्हणून बरं, असं म्हणत, आणि मग करमेना म्हणून स्वतःच एका विद्यार्थिनीला शिकवून मोकळे झाले.

एर्मानं परीक्षा घ्यावी तसा पहिला कागद समोर ठेवला. पद्मिनीबाईंनी चष्मा लावून तो घडाघडा वाचून दाखवला. गाईचं पोट फुगलं तर काय पाजावं याची ती कृती होती. एर्मा इतकी हसली की तिला टोपीची पिन पुन्हा लावावी लागली.

त्यानंतर दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला ब्यूइक दारात येऊ लागली. संग्रहालयात पद्मिनीबाई वाचून इंग्रजीत सांगत आणि एर्मा लिहून घेई. एर्माचा भाचा ग्लेन क्लेमर घराण्याचा इतिहास छापणार होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये जहाज लागल्याला दोनशे पंच्याहत्तर वर्षं होणार होती, त्या कुलसंमेलनात पुस्तक बाहेर यायचं होतं. पुस्तकाचं नाव आधीच ठरलं होतं : ‘अखंड’. ग्लेन घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायचा. त्याच्या नावाची पाटी गावातल्या दर चौथ्या हिरवळीवर असायची. शिवांगी-अमेयला घर त्यानंच मिळवून दिलं होतं आणि टाउनशिपच्या बोर्डावरही, म्हणजे गावच्या कारभारी मंडळावर, तो होता. पद्मिनीबाईंच्या कामाचं त्यानं फार कौतुक केलं, एकदा सफरचंदांची करंडीही पाठवली.

पेटीतली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे घरचं बायबल. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर ख्रिस्तियानच्या मुलानं, आब्राहामनं, आपल्या मुलांचे जन्म लिहिले होते. हा आब्राहाम मंडळीचा, तिथल्या पंथीयांच्या संघाचा, डीकन होता, म्हणजे पंथाची शिस्त सांभाळणारा. पाचवं अपत्य बार्बरा, सातवं हाइनरिख, आणि दोघांच्या मध्ये दोन बोटं रुंद आडवी फट. उंदरानं खाल्लं असेल, असं घरात सगळे म्हणत आले होते. पद्मिनीबाईंनी ते पान उजेडाला धरून पाहिलं.

“उंदीर पट्टी लावून खात नाही,” त्या म्हणाल्या.

कडा सरळ होत्या. ओळ सुरीनं कापलेली होती.

२००५ च्या नोव्हेंबरात त्यांना उत्तर सापडलं. पेटीच्या तळाशी गुरांच्या औषधांच्या कृतींचा गठ्ठा होता. डीकन आब्राहाम काटकसरी माणूस, वापरलेल्या कागदाच्या पाठीवर लिहायचा. घोड्याच्या खुरांवरच्या लेपाची कृती वाचून पद्मिनीबाईंनी कागद उलटला. पाठीमागे १७७८ च्या एप्रिलमधली नोंद होती, डीकनच्याच हातची. औषध उपयोगी असल्यामुळेच तो कागद इतकी वर्षं कुणी टाकून दिला नव्हता.

पद्मिनीबाईंनी तो आधी स्वतःशी वाचला. मग पुन्हा एकदा. एर्मा पेन घेऊन वाट बघत होती.

हकीकत अशी होती. डीकनचं सहावं अपत्य म्हणजे मुलगी फ्रोनिका. तिचा नवरा याकोब ह्यूबनर. इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढाई चालू होती आणि नव्या सरकारनं लढाईसाठी कर लावला होता. हा कर म्हणजे रक्ताचा पैसा, तो द्यायचा नाही, असं मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं. याकोबनं भरला. तान्हं मूल होतं, दोन गाई होत्या, जप्ती टाळायची होती. मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि बाहेर काढलेल्याच्या पंक्तीला बसायचं नाही असा नियम होता. तो नियम बायकोलाही लागू. फ्रोनिकाला सांगण्यात आलं की नवऱ्याचं ताट वेगळं मांड.

त्या नियमाला मूळ जर्मनमध्ये ‘मायडुंग’ असा शब्द होता. पद्मिनीबाईंना इंग्रजी शब्द शोधावा लागला, पण मराठी शब्द आपोआप मनात उभा राहिला होता. वाळीत टाकणं.

त्यांनी शेवटचा भाग एर्माला सावकाश सांगितला :

“दोन्ही उपदेशकांच्या समक्ष मी तिला तिसऱ्यांदा विचारलं. ती म्हणाली, त्यानं मला दिलेलं कुठलंच वचन मोडलेलं नाही. मी त्याच्याबरोबर जेवले आहे आणि जेवणार आहे. ज्याला माझ्याबरोबर जेवायचं नसेल त्याच्यासाठी माझी भाकरी थांबणार नाही. आम्ही तिला बाहेर काढलं. ती माझी मुलगी आहे. तिचं नाव ग्रंथातून मी माझ्या हातानं काढलं.”

एर्मानं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली की तिच्या घरासमोर रस्त्यापलीकडे ह्यूबनर राहायचे. लहानपणी ती त्यांच्याकडे अंडी आणायला जायची. मागच्या दाराने. पुढच्या दाराने का नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

“हे पुस्तकात सर्वांत आधी जाईल,” ती म्हणाली.

तसं झालं नाही. ग्लेननं दोघींना आपल्या ऑफिसात बोलावलं, कॉफी दिली, आणि कागदाचं भाषांतर पुढ्यात ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं असं की पुस्तक त्याच्या वारलेल्या वडिलांना अर्पण केलेलं आहे, नऊ पिढ्यांत हे घराणं एकदाही तुटलं नाही हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, आणि सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या घरगुती भांडणानं आता कुणाचं भलं होणार आहे? तरी एर्माआत्याच्या शब्दाखातर तो नाव घालायला तयार होता. फक्त ‘आम्ही तिला बाहेर काढलं’ याऐवजी ‘ती आमच्यातून निघून गेली’ असं करायचं. भाषांतरावर पद्मिनीबाईंची सही लागणार होती, कारण जर्मन जाणणाऱ्या त्याच.

“तसं लिहिलेलं नाही,” पद्मिनीबाई म्हणाल्या.

ग्लेन म्हणाला की जुन्या भाषेत थोडंफार इकडेतिकडे होत असेल.

“या क्रियापदात होत नाही. मी ते एकतीस वर्षं शिकवलंय. काढणारे ते आहेत, काढलेली ती आहे.”

ग्लेननं खुर्ची थोडी मागे घेतली. “मॅडम, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण हे तुमचं कुटुंब नाही.”

“नाही,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “म्हणूनच मी ते जसं आहे तसं वाचू शकते.”

त्यांनी सही केली नाही. आठवड्याभरानं ग्लेनचं पत्र आलं. पुस्तकाची पानं बसवून झाली आहेत, नवा मजकूर घेता येणार नाही, मदतीबद्दल आभारी आहोत. आभाराच्या पानावरून पद्मिनीबाईंचं नाव गेलं हे एर्माकडून नंतर कळलं.

घरी शिवांगी वैतागली. आई, त्यांचं ते बघून घेतील, आपण कशाला मध्ये पडायचं, असं तिचं म्हणणं. अमेयनं जास्त सांभाळून सांगितलं. बेसमेंट फिनिश करायची परमिट टाउनशिपकडून यायची होती. शिवाय इथं आपण नवे, ते लोक पावणेतीनशे वर्षांचे. “आई, आपल्याला यांच्यातच राहायचंय,” तो म्हणाला. पद्मिनीबाईंना राग आला नाही. हेच वाक्य त्यांनी आयुष्यात आधी ऐकलं होतं, स्वतःच्याच तोंडून.

पुढच्या मंगळवारी संग्रहालयात त्यांनी ते एर्माला सांगितलं. याआधी त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांची थोरली बहीण कुमुदताई. १९६१ साली तिनं नगरच्या एका ख्रिस्ती शिक्षकाशी, साळवे मास्तरांशी लग्न केलं. वडिलांनी तिचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं आणि घरात सगळ्यांनी ते पाळलं. पद्मिनी तेव्हा तेवीस वर्षांची, जर्मनच्या परीक्षेच्या तयारीत. पुढं एकदा नगरला परीक्षक म्हणून गेली असताना ती चोरून बहिणीकडे गेली. कुमुदताईनं पोहे केले होते. आज माझा उपवास आहे, असं पद्मिनीनं सांगितलं. उपवास नव्हता. कुमुदताईला ते कळलं, तिनं बशी उचलून आत नेली आणि बाहेर येऊन शाळेच्या गप्पा मारल्या.

“आणि मग काकांनी आमच्या माहेरचा कुलवृत्तांत छापायला घेतला,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “आमच्याकडे प्रत्येक घराण्याचं असं पुस्तक असतं. माझी भाषा चांगली, म्हणून प्रुफं माझ्याकडे आली. वडिलांच्या नावापुढं छापलं होतं, कन्या एक, पद्मिनी. मी त्याच्या वरच्या ओळीतली एक वेलांटी सुधारली आणि मला यांच्यातच राहायचंय असं म्हणत प्रूफ परत पाठवलं.”

एर्मानं विचारलं, बहीण कुठं असते?

“एकोणऐंशी साली गेली. मला पंधरा दिवसांनी कळलं.”

एर्मा उठून झेरॉक्सच्या मशीनकडे गेली आणि किती पानं लागतील याचा अंदाज घेऊ लागली. ‘अखंड’ पुस्तकाचा आकार तिला माहीत होता. त्याच आकाराच्या एका पानावर एका बाजूला मूळ कागदाचं चित्र, दुसऱ्या बाजूला भाषांतर, खाली पद्मिनी चित्रे यांची सही. ज्याला हवं त्यानं आपल्या प्रतीत चिकटवावं. सहाशे पानं काढली. तीनशे लोक येणार होते. बाकीची कशाला, असं पद्मिनीबाईंनी विचारलं तेव्हा एर्मा म्हणाली की ती ग्लेनला लहानपणापासून ओळखते.

संमेलन ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी होतं, प्रार्थनाघरामागच्या ओकच्या झाडांखाली. एर्माला सकाळी लवकर जायचं होतं म्हणून पद्मिनीबाईंना अमेयनं सोडलं. सोडून परत जायचा त्याचा बेत होता, पण सासूबाई कडक इस्त्रीची नारायणपेठी सावरत एकट्याच खुर्च्यांकडे निघालेल्या पाहून तो थांबला. एर्मानं प्रत्येक खुर्चीवर एकेक पान ठेवलं. पंधरा मिनिटांत ग्लेनची बायको आणि दोन मुली हसतमुखानं ती सगळी गोळा करून घेऊन गेल्या. एर्मानं ब्यूइकची किल्ली अमेयच्या हातात दिली आणि डिकीतला दुसरा गठ्ठा आणायला सांगितलं.

कार्यक्रम सुरू झाला. प्रार्थना झाली, चार आवाजांत गाणं झालं. ग्लेननं पुस्तकाची पहिली प्रत उचलून दाखवली आणि त्यातली वंशावळ वाचायला लागला. ख्रिस्तियानची मुलं झाली. मग आब्राहामची. पहिला, दुसरा, तिसरी. “पाचवी, बार्बरा,” ग्लेननं वाचलं. “सहावं अपत्य लहानपणीच वारलं. सातवा, हाइनरिख.”

एर्मा उठू लागली, पण तिचे गुडघे दुखरे, तिला वेळ लागला. त्याआधी पद्मिनीबाई उभ्या राहिल्या होत्या.

“सहावी लहानपणी वारली नाही,” त्या म्हणाल्या.

वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज होता, त्याला माइक लागला नाही. ग्लेननं कार्यक्रमात वेळ नसल्याचं नम्रपणे सांगितलं आणि त्यांना बसण्याची विनंती केली.

“वाचून झालं की बसते.”

त्यांनी आधी मूळ जर्मन वाचलं, डीकननं लिहिलं तसं. मग इंग्रजी. आम्ही तिला बाहेर काढलं, या वाक्यापाशी त्या थांबल्या नाहीत आणि आवाजही चढवला नाही. मागच्या रांगांमधून अमेय पानं वाटत पुढं येत होता. काही जणांनी घेतली, काहींनी हात मांडीवरच ठेवले. एक बाई मुलाला घेऊन उठून गेली.

वाचन संपल्यावर पहिल्या रांगेतला विल्मर नावाचा नव्वदीचा शेतकरी, ज्याला कमी ऐकू यायचं, तो तिथल्या बोलीतल्या जर्मनमध्ये म्हणाला, “पुन्हा वाच. मूळचं वाच.”

पद्मिनीबाई त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुन्हा वाचलं. म्हाताऱ्याचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. भाकरीच्या वाक्याला त्यानं काठी जमिनीवर आपटली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो इंग्रजीत म्हणाला की त्याची बायको ह्यूबनरांची होती. त्यांच्या घरात म्हणायचे, आपणही एकेकाळी क्लेमर होतो, पण त्यांच्यापुढं ते बोलायचं नाही. बासष्ट वर्षांच्या संसारात त्याला ती थापच वाटली होती. ती गेली, आता तिला कसं सांगू, असं त्यानं ग्लेनला विचारलं. ग्लेननं सातव्यापासून पुढं वाचायला सुरुवात केली.

जेवणाच्या वेळी एर्मा आणि पद्मिनीबाई बसल्या त्या लांब टेबलावर बराच वेळ कुणी आलं नाही. एर्माची सख्खी चुलत बहीण ताट घेऊन समोर आली आणि वळून दुसरीकडे गेली. दोघींनी मक्याची कणसं खाल्ली. पद्मिनीबाईंनी बटाट्याचं सॅलड दोनदा घेतलं. शेवटी विल्मरला धरून अमेय तिकडे आला आणि ते चौघं जेवले.

परत येताना गाडीत अमेय म्हणाला की बेसमेंट बहुतेक यावर्षी काही होत नाही. मग म्हणाला, “तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं, मी आता पळून जावं. पळालो नाही, एवढं शिवांगीला सांगा.” परमिट ऑक्टोबरात रीतसर आली. ग्लेन तसल्या कामात लबाडी करणारा नव्हता.

एर्मानं संमेलनाच्या समितीचा राजीनामा दिला. तिच्या प्रार्थनाघरात काही जण तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत. पण पत्रं येऊ लागली, ओहायोतून, इंडियानातून, कॅनडातूनही. ह्यूबनरांची, ह्यूबनरांच्या लेकीसुनांची. आम्ही कुठून आलो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असं लिहिलेली. उरलेली पानं संपली, आणखी काढावी लागली. पत्रं ग्लेनकडेही जात होती.

२००८ च्या मार्चमध्ये ‘अखंड’च्या दुसऱ्या आवृत्तीचं एक प्रूफ पद्मिनीबाईंना टपालानं आलं, सोबत ग्लेनची दोन ओळींची चिठ्ठी. बार्बरा आणि हाइनरिख यांच्यामध्ये फ्रोनिकाचं नाव छापलं होतं आणि पानाखाली तळटीप होती : ‘असं म्हणतात की १७७८ च्या सुमारास ती मंडळीपासून दूर गेली.’

पद्मिनीबाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावरच प्रूफ पसरलं आणि लाल पेन काढलं. ‘असं म्हणतात की’ खोडलं. ‘च्या सुमारास’ खोडून एप्रिल घातला. ‘दूर गेली’ खोडून वर लिहिलं, ‘तिला बाहेर काढण्यात आलं, कारण तिनं नवऱ्याबरोबर जेवणं सोडलं नाही’. तळटिपेभोवती वर्तुळ काढून, बाण दाखवून ती वरच्या मजकुरात नेली. मग संपूर्ण पान तपासलं. दुसऱ्या कुणाच्या तरी जन्मसालात चूक होती, तीही दुरुस्त केली आणि त्याच दुपारी स्वतः चालत जाऊन पोस्टात टाकलं.

ग्लेननं उत्तर पाठवलं नाही. सप्टेंबरात पुस्तक आलं. एर्मानं फोन करून पानाचा आकडा सांगितला, एकशे त्रेचाळीस. सगळं जसंच्या तसं होतं.

एव्हाना जिल्ह्यात बातमी पसरली होती की संग्रहालयात एक साडीवाली बाई येते, तिला जुनं अक्षर वाचता येतं. त्याच महिन्यात एक मध्यमवयीन गृहस्थ घरचं बायबल आणि एक पेटी घेऊन आला. त्याचे पूर्वज १७४० च्या आसपास आलेले. हे वाचून द्याल का, असं त्यानं अदबीनं विचारलं.

पद्मिनीबाईंनी पेटी उघडली नाही. त्या म्हणाल्या की वाचून देईन, पण जे असेल ते सगळं वाचेन आणि जसं असेल तसं लिहीन. चालेल का?

गृहस्थानं पेटीकडे पाहिलं. भावाला विचारून येतो, असं म्हणून तो ती परत गाडीत ठेवून गेला.

अजून तो आलेला नाही.